मानेचा होकार

प्रिय महामाया बेटा,

निवृत्तीकाकाचा आशीर्वाद. तुझ्या आईला, केसरबाईंना माझा जय भीम सांग. अक्षर वाकडंतिकडं आलं तर रागावू नको. एक तर मी सातवीत शाळा सोडलेला, त्यात आता मान हलते. मान हलली की चष्मा हलतो आणि चष्मा हलला की ओळच सापडत नाही. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. घरात धड चालणारा फोन एकच आहे आणि तो काजलजवळ असतो. शिवाय फोनवर मी नुसतं "हाव, हाव" म्हणतो आणि जे सांगायचं ते सोडून फोन ठेवतो. म्हणून ही चिठ्ठी सहदेवच्या जीपनं पाठवतो आहे. त्याला बजावलं आहे की कोर्टाचं काम आहे, खिशात ठेव, काचेपुढे टाकून देऊ नको, वकीलबाईच्याच हातात दे. काजल आणि तिची आई हरभरा उपटायला गेल्या आहेत. त्या यायच्या आत माझं लिहून व्हायला हवं. बाहेर चप्पल वाजली की कागद उशीखाली घालायचा, असं ठरवूनच बसलो आहे.

बुधवारी काजलची उलटतपासणी आहे. हे मला काजलनं सांगितलं, तू नाही. तुझ्यावर माझा पहिला राग हाच आहे. पोरीचा बाप जिवंत असताना तारीख तू पोरीला कळवतेस. मागच्या वेळी मी तुला म्हटलं होतं की माझा नंबर लिहून घे, तर तू हसून म्हणालीस, "काका, नंबर हाय माह्याजवळ. पन अशील तुमी नाई, काजल हाय." मी घरी येऊन तुझ्या काकूला, पुष्पाबाईला हे सांगितलं तर ती उलट माझ्यावरच उखडली. म्हणे, मंग काय चुकलं तिचं? पण तुला खरं सांगतो, त्या दिवसापासून मला झोप लागत नाही. काजलचा फोन वाजतो, ती उठून गोठ्याकडे जाते, हळू आवाजात बोलते, परत येऊन भाकरी थापायला बसते. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहतो. काही कळत नाही. रोहिणखेडला तिच्या सासरच्या घरात काय घडलं ते तुला ठाऊक आहे आणि मला नाही, हे मी कसं सहन करतो ते माझं मला माहीत.

तुझ्याकडे यायच्या आधी आम्ही चिखलीच्या एका वकिलाकडे गेलो होतो, हे तुला मोघम माहीत आहे. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता. काजल पहिल्यांदा सासरहून निघून आली तेव्हाची गोष्ट. त्यांच्या टेबलापुढे एकच खुर्ची होती, तिच्यावर मी बसलो. काजल दाराजवळ चपलांच्या बाजूला उभी. वकीलसाहेबांनी मला विचारलं, पोरीचं वय काय, शिक्षण काय, लग्न कुठं लागलं, जावई काय करतो, पोरगी नांदायला तयार आहे का. मी सगळ्याची उत्तरं दिली. नांदायचं विचारलं तेव्हाही मीच बोललो, "तयार हाय ना साहेब, आमच्याकडून काईच नाई." त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. मला ते बरोबरच वाटलं. तुझा बाप आणि मी चिखलीच्या धान्य बाजारात उभे जन्म काढलेले. तिथं माल आणणारा बोलतो, घेणारा बोलतो, माल कधी बोलत नाही. हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं, आणि लिहून झाल्यावर हात थांबला. पण लिहिलं ते लिहिलं.

त्या वकिलानं सासरच्यांना नोटीस पाठवली. तिची एक प्रत काजलनं चिखलीच्या स्टँडवर बसून वाचली. मोटारसायकल मागितली, उपाशी ठेवलं, घराबाहेर काढलं, असं त्यात होतं. वाचून ती म्हणाली, "बाबा, हे मायं नाई. हे कोन्या दुसऱ्या बाईचं हाय." मी म्हटलं, पोरी, वकिलाले समजते, सगळ्याईचं असंच लिहा लागते. तिनं घडी घालून कागद माझ्या पिशवीत ठेवला. मग तिचं स्वतःचं काय आहे, हे वकिलानं विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. भागवतनं, म्हणजे जावयानं, उलट उत्तर पाठवलं की असली मोटारसायकल मी कधी मागितली नाही, माझ्याजवळ आधीपासूनच दोन आहेत. ते खरंच होतं. सगळ्या नातेवाइकांत आम्हीच खोटे ठरलो.

तुझा बाप देवानंद असता तर त्यानं मला वेळीच चार शब्द सुनावले असते. तो पोती उचलायचा आणि मी खरेदीदाराचा माणूस म्हणून ढिगाजवळ उभा राहायचो, पण बोलायला तो कोणाला भीत नसे. मी बाजारात नवीन होतो तेव्हाची एक गोष्ट त्यानं तुला सांगितली असेल. सोयाबीनची बोली चालली होती. आमचे शेठ चहाला गेलेले. समोरून ओळखीचा एक माणूस आला, त्यानं रामराम घातला, मी मान हलवली. झालं, बोली बोलणाऱ्यानं तो ढीग आमच्या शेठच्या नावावर तोडला! मी ओरडतो आहे की मी रामराम घेतला, बोली नाही दिली, पण कोण ऐकतो. बाजारात मान हलली की सौदा झाला. तुझा बाप पोत्यावर बसून पोट धरून हसत होता. पुढं कितीतरी वर्षं मला पाहिलं की म्हणायचा, "निवृत्ती, मान सांभाळ बे, नाई तं बायको विकून येशील." मीही हसायचो.

आता ती मान सांभाळली जात नाही. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, मनावर ताण आला की जास्त हलेल. गोळी चालू आहे, तिनं तोंड कोरडं पडण्यापलीकडे काही होत नाही. आमच्या शेजारच्या वामनरावांचीही मान हलते, पण त्यांची आडवी हलते. त्यांना चहा विचारला तर सून कप घेऊन माघारी जाते, आणि ते मागून ओरडतात, "अवं पायजे मले, काऊन नेऊन राह्यली?" माझी उभी हलते. सगळं गाव मला येताजाता काहीबाही विचारतं आणि स्वतःच म्हणतं, काका हो म्हणाले. पोरं थट्टा करतात. देवानं एकाच गल्लीत दोन माना दिल्या, एक होची आणि एक नाहीची, आणि माझ्या वाट्याला होची आली.

नोटीस फसल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी समुपदेशनाला जायचं ठरवलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या. चहा दिला, आवाज चढवला नाही. भिंतीवर नवरा-बायको आणि लेकरू यांचं हसरं चित्र होतं. खोलीत भागवत, त्याचे वडील, मी आणि काजल, असे सगळे एकाच गोलात बसलेलो. काजलची खुर्ची भागवतच्या शेजारी ठेवलेली, कारण जोडायचं काम होतं. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी काजलला विचारलं, "मग ताई, एक संधी अजून द्यायची ना?" काजल लगेच बोलली नाही. ती लहानपणापासून तशीच आहे. शाळेत मास्तरांनी विचारलं तरी आधी दारात उभ्या माझ्याकडे पाहायची आणि मग उत्तर द्यायची. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाली, "हाव." बाईंनी टाळ्या वाजवल्या. भागवतच्या वडिलांनी मला पेढा भरवला. माझ्या तोंडात तो पेढा होता आणि काजल उठून बॅग भरायला निघाली होती, एवढंच मला त्या दिवसाचं आठवतं.

पुढचं तुला माहीत आहे. ती परत आली तेव्हा डाव्या हाताला पट्टी होती. मोरीत पाय घसरला म्हणाली. मी तेच सगळ्यांना सांगितलं. पुष्पाबाईनं मात्र त्या दिवसापासून तिला बांगडी भर म्हटलं नाही. काजल हंडा उजव्या हातानं उचलते, भाकरी एका हातानं उलटते. कणीक मळायला बसली की तिची आई परात स्वतःकडे ओढून घेते. मी हे सगळं पाहत होतो आणि लोकांना मोरीचंच सांगत होतो.

मग तिला घेऊन तुझ्याकडे आलो. देवानंदची पोर वकील झाली आहे, आपलं ऐकेल, असं मनात धरून आलो होतो. तुझ्या ऑफिसात पाय ठेवला आणि सवयीनं टेबलापुढच्या खुर्चीकडे निघालो. तू म्हणालीस, "काका, ती काजलची खुर्ची हाय. तुमी झेरॉक्सवाल्याजवळ लिंबाखाली बसा, चहा पाठवतो." दार लावून घेतलंस. महामाया, मी तुला लहानपणी खांद्यावर बसवून बाजारातला उरूस दाखवला आहे. बाहेर बसल्यावर मला इतका अपमान वाटला की निघून जावं असं मनात आलं. पण गेलो तर काजल एकटी परत कशी येईल, म्हणून बसलो. झेरॉक्सवाला विचारतो, कोनाची केस? मी म्हटलं, माही. तो म्हणाला, मंग तुमी बाहेर कसे?

खिडकी उघडी होती. मी कान दिला, खोटं बोलत नाही. आधी कितीतरी वेळ पंख्याचाच आवाज. तू काही विचारलंस आणि गप्प बसलीस. मला वाटलं, आता ही पोरगी चिडेल, दुसरं काही विचारेल, स्वतःच उत्तर सुचवेल. शिकलेली माणसं थांबत नाहीत. तू थांबलीस. आणि मग एक आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते. मला वाटलं आत आणखी कोणी बाई आली आहे. थोड्या वेळानं लक्षात आलं की ती काजल आहे. माझ्या घरात ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. लिंबाखाली चहा निवून गेला आणि मी बसून राहिलो.

तेव्हापासून तुझी एक-एक रीत मी पाहतो आहे आणि पुष्पाबाईजवळ तुझ्या तक्रारी करतो आहे. कोर्टात द्यायचा अर्ज तू तिला मराठीत वाचून दाखवलास, प्रत्येक ओळीला विचारलंस की हे तुझं आहे का. एक वाक्य तिनं काढायला लावलं आणि तू काढलंस. कोणतं ते मला दोघींनीही सांगितलं नाही. संध्याकाळी कोणत्या गाडीनं घरी जाता हे तू विचारलंस तेव्हा मला ते फालतू वाटलं. काजल म्हणाली की भागवतचा भाऊ एकदा स्टँडवर येऊन उभा राहिला होता. मी तिच्यासोबतच होतो, मला तो दिसलाही नव्हता. मग तू तिला कोर्ट चालू असताना, पण आपली तारीख नसताना, नुसतं पाहायला नेलंस. कुठं उभं राहायचं, तिकडची माणसं कोणत्या दारानं येतात, पाणी कुठं मिळतं. त्या संध्याकाळी काजल पोटभर जेवली आणि आईला म्हणाली, "तो पिंजरा नाई गं, लाकडाचा कठडाच हाय." नांदणं म्हणजे तुला काय वाटतं, असं तू तिला विचारलंस म्हणे. हे तिनं आपण होऊन मला सांगितलं. तिनं काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही. पण हा शब्द मी जन्मभर वापरला आणि ज्यांनी नांदायचं त्यांना त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

आता बुधवारचं. त्यांचा वकील जुना आहे, गोड बोलतो. तो तिला पहिलाच प्रश्न टाकणार की समुपदेशनात तुम्ही चारचौघांत नांदायला तयार आहे म्हणाल्या होत्या की नाही, कोणी जबरदस्ती केली होती का. तू तिची तयारी केली असशील. पण तू खोलीत दार लावून तयारी केली आहेस, तिथं मी नव्हतो. काजल लगेच बोलणार नाही. आधी ती डोळे फिरवील आणि माझं तोंड शोधील. पंचवीस-सव्वीस वर्षांची सवय आहे, ती एका दिवसात कशी जाईल? आणि माझ्यावर ताण असेल. ताण आला की काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलंच आहे.

समुपदेशनाच्या दिवशी मी हो म्हणालो नव्हतो, बेटा. तोंडातून शब्द काढला नव्हता. माझी मान हलली. काजलला माझ्या मानेचं माहीत आहे, पण त्या वेळी तिला काय दिसलं असेल ते मी तिला विचारू शकत नाही. आणि खरं म्हणजे मान आपोआप हलली की पेढ्याचा डबा, गावचे लोक, तिच्या आईचं रडणं हे सगळं एकदाचं संपावं म्हणून मीच हलवली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर येत नाही. विचारायला लागलो की मान अजून हलते.

तू म्हणशील, मग काका घरी राहा. तेही जमत नाही. मी आलो नाही तर भागवतचे वडील कोर्टाच्या आवारातच सांगत सुटतील की बापालाच हे पसंत नाही, म्हणून आला नाही. ते काजलच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही. आणि परवा तिनं भांडी घासता घासता, माझ्याकडे न पाहता, म्हटलं, "बाबा, बुधवारी तुमी याच बरं." तिला मी खरंच हवा आहे, की नको म्हणता येत नाही म्हणून म्हणाली, हे मला कळलं नाही. तिनं मला आत येऊ नका म्हणावं असं ओझं मला तिच्यावर टाकायचं नाही. आणि मी आपण होऊन आत आलो नाही तर तिला वाटेल बाबा रागावले. सगळीकडून अडकलो आहे.

मागच्या तारखेला व्हरांड्यात बसलो असताना मी एक पाहिलं. दुसऱ्या एका बाईची साक्ष होती. तिचा बाप तिच्यामागोमाग आत जायला निघाला तर पट्टेवाल्यानं हात आडवा केला, म्हणाला, "तुमी साक्षीदार हाय ना? तुमची साक्ष होयेपर्यंत आत नाई येता येत. बाहेर बसा." बाप निमूट बाकावर बसला. कोणी त्याला हसलं नाही, पोरीनंही वाईट वाटून घेतलं नाही, कारण नियमच तो. म्हणून हे पत्र लिहितो आहे. मी तुला कधी काही मागितलं नाही, आता मागतो. माझं नाव साक्षीदारांत घाल. मला काय विचारायचं ते तू ठरव, नाहीच विचारलंस तरी चालेल. काजलला फक्त एवढं सांग की नियमामुळे काकांना बाहेर बसावं लागेल. मी सकाळीच तिच्यासोबत येईन, भागवतच्या वडिलांना दिसेन असा उभा राहीन आणि तिचं नाव पुकारलं की पट्टेवाल्यानं अडवायच्या आधीच बाकावर बसेन. आत तिनं डोळे फिरवले तर तिला तू दिसशील, जजसाहेब दिसतील, भिंत दिसेल, पण माझी मान दिसणार नाही. ती थांबली तर तूही थांब, जशी त्या दिवशी पंख्याखाली थांबली होतीस. जे काही बोलायचं ते तिला बोलू दे, मला आवडो न आवडो. आणि सगळं बोलून ती बाहेर येईल तेव्हा सवयीनं माझ्याकडे पाहीलच. तेव्हा माझी मान हलत असेल. तेव्हा हलू दे. तिनं ते हो समजावं. तेवढं हो मात्र माझं असेल.

तुझाच,
निवृत्तीकाका